ओत्रांतोचा महाधर्मप्रांत: पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

९ जून

चर्चच्या इतिहासावरच्या मालिकेतली दक्षिण इटलीची पुस्तिका माझ्याकडे आली. अभ्यासगटात बहुतेकांचं मत बारी घ्यावं असं होतं. तिथे संत निकोलसच्या अस्थी आहेत, नाव ओळखीचं आहे. मी ओत्रांतोवर अडून बसले आणि शेवटी गटाने मान्य केलं.

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो, पुलिया प्रांताचा दक्षिण भाग. ओत्रांतो या टाचेच्या समुद्राकडच्या कडेला आहे. गावाच्या थोडं दक्षिणेला पुंता पालाशिया नावाचं टोक, म्हणजे इटलीचं अगदी पूर्वेचं टोक. समोर ओत्रांतोची सामुद्रधुनी, जिथे सर्वांत अरुंद तिथे सुमारे ७२ किलोमीटर, आणि पलीकडे अल्बानिया. हवा स्वच्छ असली की तिकडचे डोंगर दिसतात. या धर्मप्रांताच्या इतिहासात जे जे घडलं ते या ७२ किलोमीटरमुळे घडलं, असं माझं मत आहे. ते पुस्तिकेत खरं ठरतं का ते बघायचं.

दुसरं कारण जास्त जिव्हाळ्याचं. ओत्रांतो म्हटलं की १४८० सालचे ८०० रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारले गेलेले, एवढंच सांगितलं जातं. ते सांगायलाच हवं. पण त्या गावाला त्याआधीची जवळजवळ नऊशे वर्षांची ख्रिस्ती परंपरा आहे आणि तिचा मोठा भाग ग्रीक आहे. तो भाग मराठीत मला कुठेच वाचायला मिळाला नाही.

१३ जून

सुरुवातीच्या काळाची टिपणं. पोप पहिले ग्रेगरी (५९० ते ६०४) यांच्या पत्रव्यवहारात ओत्रांतोचे बिशप पेत्रुस यांचं नाव येतं. आसपासच्या बिशपांच्या जागा रिकाम्या पडल्या होत्या, तिकडची देखरेख पोपनी पेत्रुस यांच्याकडे दिली. ब्रिंदिसी, लेच्चे, गालिपोली ही ती गावं. युद्धाने मोडलेल्या मुलखात उभं राहिलेलं हे एक पीठ, म्हणजे बिशपची गादी. पुस्तिका इथून सुरू करायची. प्रेषित पेत्र अंत्युखियाहून रोमला जाताना इथे उतरले ही स्थानिक परंपरा आहे, ती एका वाक्यात, परंपरा म्हणूनच.

मधली दोन शतकं भराभर संपवते. ८व्या शतकात मूर्तींच्या वादावरून रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात बिनसलं आणि दक्षिण इटलीतली कितीतरी पीठं सम्राटाने रोमकडून काढून कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रियार्ककडे, म्हणजे तिथल्या चर्चच्या प्रमुखाकडे, दिली. ओत्रांतो बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, साम्राज्याचं बंदर होतं, तेही त्याच बाजूला राहिलं.

२१ जून

आज फादरांकडे बसून ९६८ सालचा मजकूर वाचला. क्रेमोनाचे बिशप लिउतप्रांद हे सम्राट पहिला ऑटो याचे वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेले होते. ऑटोच्या मुलासाठी तिथली राजकन्या मागायची होती. बोलणी फिसकटली, वकिलांचा अपमान झाला, आणि परत येऊन त्यांनी जो वृत्तान्त लिहिला त्यात ओत्रांतोबद्दल एक परिच्छेद आहे: बायझंटाइन सम्राट निकेफोरोसने पॅट्रियार्कला हुकूम दिला की ओत्रांतोचं पीठ आर्चबिशपचं करावं आणि पुलिया-कालाब्रियात लॅटिनमध्ये उपासना होऊ देऊ नये, फक्त ग्रीकमध्ये व्हावी. पॅट्रियार्क पोलिएक्तोस यांनी ओत्रांतोच्या आर्चबिशपला पाच ठिकाणी बिशप नेमायचा अधिकारही दिला: आचेरेन्झा, तुर्सी, ग्राविना, मातेरा, त्रिकारिको.

फादर म्हणाले, "बाय, हा लिउतप्रांद दुखावलेला माणूस आहे. त्याचं वाक्य घे, पण त्याचा राग घेऊ नकोस."

मला हे पटलं. "लॅटिनवर बंदी" हा चिडलेल्या वकिलाचा शब्द आहे. पाच गावांची यादी मात्र राग आला म्हणून कोणी रचत नाही. नकाशावर ती गावं मांडली तर सगळी आत, डोंगराकडे, लाँगोबार्द सरदारांच्या हद्दीला लागून आहेत. म्हणजे कॉन्स्टँटिनोपलने ओत्रांतोच्या आर्चबिशपला आपल्या सरहद्दीवर उभं केलं होतं. धर्मप्रांताची हद्द आणि साम्राज्याची हद्द एकाच हाताने आखली जात होती. नकाशा क्रमांक १ याच पाच गावांचा.

ओत्रांतोत या काळाचं जे उभं आहे ते संत पेत्राचं छोटं चर्च. चार खांबांवर मधला घुमट, पूर्वेला तीन अर्धगोल, आत भित्तिचित्रं, त्यांत प्रभू शिष्यांचे पाय धुतात तो प्रसंग आणि त्यावर ग्रीक अक्षरं. कथिड्रलपेक्षा जुनं. फोटोचा आकार मोठा ठेवायला सांगणार.

२८ जून

नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्सकडून आलेले लढवय्ये, आले. १०७१ ला बारी पडलं आणि इटलीतली बायझंटाइन सत्ता संपली. नॉर्मन सरदार रोमशी बांधलेले, त्यामुळे पीठावर आता लॅटिन आर्चबिशप. नवं कथिड्रल १ ऑगस्ट १०८८ रोजी पोप दुसरे उर्बान यांच्या काळात समर्पित झालं. पोपचे प्रतिनिधी म्हणून बेनेव्हेंतोचे आर्चबिशप रोफ्रेदो आले होते.

इथे वाचकाचा समज होऊ शकतो की ग्रीक गेले आणि लॅटिन आले. तसं झालं नाही. आर्चबिशप लॅटिन, पण गावोगावचे धर्मगुरू ग्रीक, लग्न केलेले, खमीर घातलेल्या भाकरीने प्रभुभोजन करणारे, आणि त्यांची मुलं पुढे धर्मगुरू होणारी. एकाच धर्मप्रांतात दोन विधी, दोन पंचांगं, दोन प्रकारचे धर्मगुरू, आणि हे काही पिढ्या नाही, चार-पाचशे वर्षं चाललं. १०९८ साली बारीला पोप उर्बान यांनी धर्मसभा भरवली आणि पवित्र आत्मा पित्यापासून की पिता व पुत्र दोघांपासून या प्रश्नावर कँटरबरीचे आन्सेल्म ग्रीकांशी वाद करायला उभे राहिले. वर धर्मसभेत हा वाद रंगत होता आणि खाली सालेंतोच्या गावांत दोन्ही मंडळी एकाच बाजारात भाजी घेत होती. पुस्तिकेचा गाभा हा आहे, हे आज ठरवून टाकलं.

५ जुलै

कथिड्रलच्या जमिनीवरचं मोझॅक. हे प्रकरण मोठं होणार आणि ते होऊ द्यायचं.

११६३ ते ११६५ या काळात आर्चबिशप योनाथास (इटालियनमध्ये जोनाता) यांच्या देणगीतून पान्तालेओने नावाच्या धर्मगुरूने हे काम केलं. हे नाव मोझॅकमध्येच लिहिलेलं आहे: योनाथासच्या दानातून, पान्तालेओनेच्या उजव्या हाताने. सिसिलीचा राजा पहिला विल्यम याचंही नाव त्यात आहे. १२व्या शतकातल्या कारागिराचं नाव आपल्याला असं थेट जमिनीवर वाचायला मिळतं हे दुर्मीळ आहे.

दारातून आत आलं की दोन हत्ती. त्यांच्या पाठीवर एक झाड उभं आहे आणि ते मधल्या दालनाच्या लांबीभर वेदीच्या दिशेने वाढत जातं. फांद्यांत नोहाचं तारू, बाबेलचा मनोरा, आदाम-एवेची हकालपट्टी, काइन आणि हाबेल. त्यांच्यात बारा मोठी वर्तुळं, बारा महिन्यांची, प्रत्येकात राशीचं चिन्ह आणि त्या महिन्याचं काम: कापणी, मळणी, द्राक्षं तोडणं, द्राक्षं तुडवणं. बायबलच्या कथेच्या मधोमध शेतकऱ्याचं वर्ष.

आणि मग दोन माणसं, जी तिथे अपेक्षित नाहीत. एक "आलेक्सांदर रेक्स", म्हणजे अलेक्झांडर. दोन ग्रिफिन, म्हणजे अर्धे गरुड अर्धे सिंह असे काल्पनिक पक्षी, त्याला आकाशात उचलून नेताहेत आणि तो त्यांच्या तोंडासमोर मांसाचे तुकडे धरून बसला आहे, ते खायला म्हणून पक्षी वर वर उडतात. ही कथा ग्रीक जगातली, बायझंटाइन कारागिरांना तोंडपाठ असलेली. दुसरा "रेक्स आर्तुरुस", राजा आर्थर, बकऱ्यासारख्या जनावरावर बसलेला, समोर मांजरासारखं एक श्वापद. ही कथा ब्रिटनकडची, नॉर्मनांबरोबर आलेली. आर्थरवरच्या गाजलेल्या फ्रेंच काव्यांपैकी बहुतेक अजून लिहिली जायची होती, तेव्हा सालेंतोच्या एका धर्मगुरूला तो ठाऊक होता.

१९व्या शतकात दुरुस्त्या झाल्या आणि आर्थरच्या चौकटीत काही बदल झाले, त्यामुळे त्या भागाच्या बारीकसारीक तपशिलावर अर्थ लादायचा नाही. पण ग्रीक जगातला अलेक्झांडर आणि नॉर्मनांचा आर्थर एकाच झाडाखाली, एका लॅटिन आर्चबिशपच्या पैशातून, ग्रीक वळणाचं नाव असलेल्या धर्मगुरूच्या हाताने, हे एवढं पुरेसं बोलकं आहे. धर्मप्रांत म्हणून ओत्रांतो काय होतं ते दाखवायला दुसरा पुरावा लागत नाही.

गटात प्रश्न आला की चर्चच्या जमिनीवर अलेक्झांडर कशाला. मला वाटतं तो गर्वाचं उदाहरण म्हणून आहे. बाबेलचा मनोरा जे सांगतो तेच तो सांगतो: माणूस आपल्या युक्तीने आकाशात चढायला बघतो. असा अर्थ लावणारे अभ्यासक आहेत, आणि चित्रांची मांडणीही त्याला धरून आहे.

१२ जुलै

पाऊस, दिवसभर वीज नाही. कासोलेची टिपणं हाताने लिहिली.

ओत्रांतोच्या दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला, सान निकोला दि कासोले हा ग्रीक मठ. १०९८-९९ च्या सुमारास योसेफ नावाच्या संन्याशाने स्थापला, आधार दिला नॉर्मन सरदार बोहेमोंदने, ज्याने त्याच सुमारास अंत्युखिया जिंकलं. म्हणजे क्रुसेडचा सेनापती ग्रीक मठाला आधार देतो. शाळेच्या पुस्तकातलं क्रुसेडचं चित्र इथे अपुरं पडतं.

मठात हस्तलिखितं नकलून घेतली जात. त्याचा नियमग्रंथ ११७४ सालचा आहे, तो तूरिनच्या ग्रंथालयात पोचला. त्याच हस्तलिखितात मठाच्या ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदी आहेत: अमक्याने अमकं पुस्तक नेलं. १२व्या-१३व्या शतकात एका मठाने पुस्तकं बाहेर दिली आणि कोणाला दिली ते लिहून ठेवलं. ज्याने कधी वाचनालयाचं रजिस्टर सांभाळलं आहे त्याला या नोंदींची किंमत सांगावी लागणार नाही. १९०४ साली तूरिनच्या ग्रंथालयाला लागलेल्या आगीत हे हस्तलिखितही होरपळलं. सुदैवाने त्याआधीच, १९व्या शतकाच्या अखेरीस, अभ्यासकांनी त्यातला महत्त्वाचा मजकूर छापला होता.

या मठाचा सर्वांत मोठा मठाधिपती नेक्तारिओस, संन्यास घेण्याआधीचं नाव ओत्रांतोचा निकोलाओस. १२०४ ला क्रुसेडरांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, त्यानंतर पोपचे प्रतिनिधी ग्रीक धर्मगुरूंशी बोलणी करायला तिकडे गेले तेव्हा दुभाष्या म्हणून हाच माणूस बरोबर होता. पोपच्या माणसाचं बोलणं ग्रीकांना सांगायचं, ग्रीकांचं पोपच्या माणसाला, आणि स्वतःची श्रद्धा मात्र ग्रीक विधीची. नंतर त्याने पवित्र आत्म्याचा उगम, बेखमीर भाकर अशा वादाच्या मुद्द्यांवर लिहिलं, ग्रीकची बाजू घेऊन, पण ग्रीक आणि लॅटिन दोन्ही भाषांत, म्हणजे विरोधकालाही वाचता यावं. १२३५ ला वारला. मला या सगळ्या इतिहासात तो सर्वांत जवळचा वाटतो. रोमशी नातं तोडलं नाही, आपलं म्हणणं सोडलं नाही. त्याला पूर्ण दोन पानं.

१५ जुलै

कासोलेची पुरवणी. १५व्या शतकात कार्डिनल बेसारिओन, मूळचे ग्रीक, इथल्या हस्तलिखितांपर्यंत पोचले. त्रॉयच्या युद्धाच्या शेवटावर क्विंतुस स्मिर्नायसने लिहिलेलं ग्रीक महाकाव्य पश्चिम युरोपला पुन्हा मिळालं ते कासोलेच्या प्रतीमुळे. बेसारिओननी १४६८ मध्ये आपला ग्रंथसंग्रह व्हेनिसला दिला. जे वेळेत बाहेर पडलं ते वाचलं. आंतोनिओ दे फेर्रारीस गालातेओ हा सालेंतोचा वैद्य आणि विद्वान, स्वतः ग्रीक धर्मगुरूंच्या घराण्यातला. तो लिहितो की कासोलेत ग्रीक शिकायला येईल त्याला राहणं, जेवण आणि शिक्षक फुकट मिळे. १४८० च्या स्वारीत मठ उद्ध्वस्त झाला. आज शेताच्या आवारात थोड्या भिंती उरल्या आहेत.

२६ जुलै

१४८०. नीट, क्रमाने.

उस्मानी तुर्कांचा सुलतान मेहमेद दुसरा याने १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल घेतलं होतं. जानेवारी १४७९ मध्ये व्हेनिसने त्याच्याशी तह केला, त्यामुळे एड्रियाटिकच्या तोंडाशी त्याला अडवणारं आरमार उरलं नाही. १४८० च्या उन्हाळ्यात उस्मानी फौजेचा एक भाग ऱ्होड्सला वेढा घालून होता, दुसरा गेदिक अहमद पाशाच्या हाताखाली अल्बानियातल्या वलोना बंदरातून निघाला आणि २८ जुलैला ओत्रांतोजवळ उतरला. नेपल्सचा राजा फेर्रान्ते याचा मुलगा अल्फोन्सो त्या वेळी फौज घेऊन सिएनात, म्हणजे इटलीतल्याच राजकारणात गुंतलेला. गावात थोडी शिबंदी. ११ ऑगस्टला तटबंदी फोडून फौज आत शिरली. वयोवृद्ध आर्चबिशप स्तेफानो पेंदिनेल्ली कथिड्रलमध्ये मारले गेले. १४ ऑगस्टला सुमारे ८०० पुरुषांना मिनर्व्हाच्या टेकडीवर नेऊन त्यांचा शिरच्छेद केला. परंपरा सांगते की धर्म सोडा, जीव वाचेल असं त्यांना सांगितलं गेलं आणि आंतोनिओ प्रिमाल्दो नावाच्या वृद्ध शिंप्याने सर्वांच्या वतीने नकार दिला.

३ मे १४८१ ला मेहमेद वारला, वारसाहक्काचं भांडण सुरू झालं, कुमक आली नाही. पोप चौथे सिक्स्तुस यांचं आरमार, हंगेरीचा राजा मात्याश याने पाठवलेली तुकडी आणि अल्फोन्सोची फौज यांनी सप्टेंबर १४८१ मध्ये गाव परत घेतलं.

२ ऑगस्ट

पुराव्यांबद्दल गटात बराच वेळ चर्चा झाली. चर्चने साक्षी नोंदवून घेतल्या त्या १५३९ मध्ये, आर्चबिशप पिएत्रो आंतोनिओ दि कापुआ यांच्या वेळी, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. घटनेच्या लगेच नंतरच्या पत्रांत आणि वृत्तान्तांत तपशील वेगवेगळे आहेत. काही आधुनिक इतिहासकार म्हणतात की कत्तलीमागे धर्मापेक्षा युद्धाचा हिशेब जास्त होता: शरण न आलेल्या गावाला शिक्षा, खंडणी देऊ न शकणाऱ्यांची विल्हेवाट. जुन्या वृत्तान्तांतले मृतांचे काही आकडे त्या गावाच्या आकाराला पेलणारे नाहीत. ते मी घेत नाही.

माझी भूमिका गटापुढे मांडली ती इथे लिहून ठेवते. त्या ८०० जणांच्या मनात शेवटच्या क्षणी काय होतं ते कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. त्यांना मारलं हे खरं, गावाने त्यांना पहिल्या दिवसापासून रक्तसाक्षी मानलं हेही खरं, आणि चर्चने त्या साक्षीवर शिक्कामोर्तब केलं. हे तीन वेगळे परिच्छेद करायचे. शिरच्छेदानंतरही प्रिमाल्दोचं धड शेवटपर्यंत उभं राहिलं ही कथा तिसऱ्यात, परंपरा म्हणून. श्रद्धेला याने धक्का लागत नाही. उलट ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून पुढे केली की वाचकाचा विश्वास जातो.

आणखी एक. मजकुरात "मुसलमानांनी" असं कुठेही येणार नाही. उस्मानी फौज, पाशा, सुलतान असं येईल. ही एका राज्याची दुसऱ्या राज्यावरची स्वारी होती, ख्रिस्ती व्हेनिस बाजूला उभं राहिलं, आणि गाव परत घेतल्यावर पकडलेले काही तुर्की सैनिक अल्फोन्सोच्याच चाकरीत लागले. आमच्या शेजारपाजारच्या घरांतही ही पुस्तिका जाणार आहे. खरं ते लिहायचं आणि त्यात विष मिसळायचं नाही.

१४ ऑगस्ट

आज त्यांचा सण. सकाळच्या मिस्सानंतर फादरांनी त्यांचा उल्लेख केला, ते ऐकून खूप बरं वाटलं.

संध्याकाळी कथिड्रलच्या रक्तसाक्षींच्या चॅपेलचं वर्णन पुरं केलं. वेदीमागे भिंतीत उंच काचेची कपाटं आणि त्यांत कवट्या आणि हाडं ओळीने रचलेली. बरेच अवशेष अल्फोन्सोने नेपल्सला नेले, ते तिथे सांता कातेरिना आ फोर्मिएल्लो चर्चमध्ये आहेत. या कपाटांचा फोटो आत घ्यायचा, लहान. मुखपृष्ठावर नको, हे मी ठामपणे सांगितलं. मेलेल्या माणसांना जाहिरातीसाठी वापरायचं नाही.

मान्यतेच्या तारखा: १४ डिसेंबर १७७१, पोप चौदावे क्लेमेंट, धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी). ११ फेब्रुवारी २०१३, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी कार्डिनलांच्या सभेत संतपदाची तारीख जाहीर केली. ज्या सभेत त्यांनी आपला राजीनामा सांगितला तीच ही सभा, त्यामुळे ओत्रांतोची बातमी जगभर झाकोळली गेली. १२ मे २०१३, पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून घोषित केलं. मृत्यूपासून ५३३ वर्षं. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले आणि १८६२ ला संत झाले, म्हणजे २६५ वर्षं. हा शेजार वाचकांना लगेच कळेल, म्हणून तळाशी एक ओळ.

२३ ऑगस्ट

१४८१ नंतरचं. आर्चबिशप सेराफिनो दा स्क्विलाचे यांनी कथिड्रल सावरलं, दर्शनी भिंतीवरची सोळा आऱ्यांची गोल खिडकी त्या दुरुस्तीतली. नेपल्सच्या अरागोन घराण्यातल्या राजांनी किल्ला नव्याने बांधला, पुढच्या शतकात किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज उभे राहिले. तरी १५३७ मध्ये शेजारचं कास्त्रो लुटलं गेलं.

साक्षी नोंदवणारे ते आर्चबिशप दि कापुआ स्वतः नेपल्समधल्या हुआन दे वाल्देसच्या सुधारणावादी वर्तुळातले. त्यांच्यावर इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडाचा तपास करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, संशय राहिला आणि कार्डिनलपद हुकलं. रक्तसाक्षींची बाजू रोमपुढे नेणारा माणूस रोमच्याच संशयात! यावर स्वतंत्र पुस्तिका होईल. इथे एक परिच्छेद.

ग्रीक विधीचा शेवट कोणत्या एका दिवशी झाला नाही. कासोले गेलं, म्हणजे धर्मगुरू तयार करणारी शाळा गेली. पुस्तकं गेली. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर बिशपांनी एकसारखी शिस्त आणली. म्हातारा ग्रीक धर्मगुरू वारला की त्याच्या जागी लॅटिन आला. गालातिनात तर १४व्या शतकाच्या अखेरीसच राइमोंदेल्लो ओर्सिनी देल बाल्झो या सरदाराने सांता कातेरिनाचं भव्य चर्च बांधलं होतं, ग्रीक विधीच्या गावात लॅटिन उपासनेची सोय म्हणून. बोली मात्र टिकली. कालिमेरा, मार्तानो, स्तेर्नातिया अशा गावांत ग्रिको नावाची ग्रीक बोली अजून ऐकू येते, आणि ईस्टरआधी प्रभूच्या दुःखसहनाचं गाणं तिच्यात गायलं जातं. उपासना लॅटिन झाली, नंतर इटालियन, पण रडणं ग्रीकमध्येच राहिलं.

गटातल्या एका मावशींनी विचारलं, मग १४८० ने ग्रीक परंपरा संपवली का. माझं उत्तर: धक्का तो होता, पण नंतर ती पुन्हा उभी करायची कोणाला निकड वाटली नाही. गाव पुन्हा बांधलं, किल्ला बांधला, कथिड्रल बांधलं. मठ नाही बांधला. हे वाक्य पुस्तिकेत जसंच्या तसं जाणार.

६ सप्टेंबर

१८१८ आणि १९८० एका बैठकीत संपवले.

नेपल्सच्या राज्यात धर्मप्रांत इतके होते की काहींचा बिशप संध्याकाळी पायी फिरून आपली हद्द पाहू शके. २७ जून १८१८ च्या फर्मानाने पोप सातवे पायस यांनी त्यांतले बरेच बंद केले. कास्त्रोचं पीठ ओत्रांतोत विलीन झालं, आलेस्सानोचं उजेंतोत.

१९८० जास्त बोलकं आहे. ५ ऑक्टोबरला पोप दुसरे जॉन पॉल ओत्रांतोला आले, कत्तलीला पाचशे वर्षं झाली म्हणून. २० ऑक्टोबरला लेच्चे हे मुख्य पीठ झालं आणि ओत्रांतो त्याच्या हाताखाली गेलं. ९६८ साली ज्याला पाच बिशप नेमायचा अधिकार मिळाला होता ते पीठ आता शेजारच्या शहराच्या प्रांतात. "महाधर्मप्रांत" ही पदवी तेवढी राहिली. लेच्चे मोठं शहर आहे, कारभाराच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. आमचा धर्मप्रांत १९९८ ला मुंबईतून वेगळा झाला तेव्हाही लोकसंख्या आणि अंतर हेच मुद्दे होते, त्यामुळे वाचकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तरी दोन तारखा शेजारी छापायच्या.

१९ सप्टेंबर

पानांची अंतिम वाटणी. ६४ पानांत आरंभ ते ९६८ आठ पानं, नॉर्मन आणि दोन विधी दहा, मोझॅक बारा, कासोले दहा, १४८० बारा, नंतरचं सगळं सात. उरलेल्या पाचांत नकाशे आणि कालपट. १४८० ला कमी जागा दिली अशी तक्रार आली. मी म्हटलं, बारा पानं कमी नाहीत, आणि आधीची चाळीस वाचल्याशिवाय त्या बारांत कोणतं गाव मारलं गेलं ते कळणार नाही. फादरांनी दुजोरा दिला.

मुखपृष्ठावर हत्तींच्या पाठीवरचं झाड. प्रुफं दोनदा वाचून झाली, नेक्तारिओसच्या पानावरची एक ओळ खालच्या पानावर घसरत होती ती डीटीपीवाल्या दादांनी बसवून दिली. नकाशा १ मध्ये तुर्सीचा ठिपका नदीच्या चुकीच्या काठाला गेलाय, तो हलवून मग छपाईला.

पुढची पुस्तिका कालाब्रियातल्या जेराचेवर करावी असं मी सुचवलं आहे. तिथल्या बिशपांनी ग्रीक विधी बंद करून लॅटिन आणला तो १४८० सालीच, आणि तिथे कोणतीही फौज उतरली नव्हती. त्याच कालाब्रियातल्या बोव्हात ग्रीक विधी १५७३ पर्यंत चालला. दोन्हींची टिपणं काढायला सुरुवात केली आहे.